ताण्यावर वाळत घातलेलं धोतर

तरुणपणी मी दोन वर्षं परदेशात काढली, असं सांगितलं की ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात. त्याला वाटतं विलायत, निदान रंगून तरी. मग मी ‘सोलापूर’ म्हणतो आणि तो हसतो. हसू दे. माझी बाजू पक्की आहे. माझा जन्म गोव्यातला. तिथं तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य होतं आणि सोलापुरात इंग्रजांचं. मध्ये सरहद्द होती आणि तिच्यावर दोन्ही राज्यांचे जकातवाले बसलेले होते. माझी ट्रंक दोघांनीही उपसली. इंग्रजांकडच्या जकातवाल्यानं तर आईनं बांधून दिलेली आमसुलांची पुडी सोडली, हुंगली, एक आमसूल तोंडात टाकलं आणि जे तोंड वाकडं केलं ते मी गाडीत चढेपर्यंत तसंच होतं. लंडनला जाणाऱ्याची याहून जास्त तपासणी होत असेल असं मला वाटत नाही.

एकोणीसशे तीसच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. सोलापुरातल्या एका शाळेत मला ड्रॉइंग मास्तरची नोकरी मिळाली होती. लोंडा, हुबळी, गदग, विजापूर असा एक एक मुलूख मागे टाकत मी होटगीला पोचलो, तेव्हा खिडकीबाहेर हिरवं म्हणावं असं फक्त माझ्या ट्रंकेवरचं रंगकाम उरलं होतं. गोव्यात जिथं खणाल तिथं पाणी लागतं. इथं मैलच्या मैल काळी जमीन, ज्वारीचे वाळलेले सड आणि वर निळंभोर, रिकामं आकाश. हे लोक पितात काय, असा मला प्रश्न पडला.

त्याचं उत्तर पहिल्याच दिवशी मिळालं. शहराच्या पूर्वेकडे विणकरांच्या गल्लीत एका घराच्या माडीवर मला खोली मिळाली होती. घर तेलुगू पद्मसाळ्यांचं. घरधनी पन्नाशीचा, आखूड बांध्याचा, एरवी शांत, पण कापडाचं काही निघालं की तापट. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का, म्हणून मीही तेच म्हणू लागलो. मी दारात पोचताच अक्कांनी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. आमच्याकडे दारात पाणी ठेवतात ते पाय धुवायला. मी गूळ खाल्ला आणि ते सगळं पाणी दोन्ही पायांवर ओतलं. बोटांच्या बेचक्यासुद्धा नीट चोळल्या. वर ‘आणखी थोडं मिळेल का?’ असंही विचारलं. अण्णा माझ्या पायांकडे बघत म्हणाले, “ते प्यायचं होतं की, मास्तर. सकाळी नळावर दोन तास हुबं ऱ्हाऊन आणलंय.”

तेव्हापासून मला रोज एक बादली पाणी मोजून मिळू लागलं.

परदेशी गेलेल्या माणसाला जे जे शोध लागतात ते सगळे मला लागले. पहिला शोध कडक भाकरीचा. ताटाशेजारी ज्वारीची एक पातळ, कडकडीत चकती ठेवलेली असायची. ती ताटाखाली सरकवायची काही वस्तू असावी असं समजून मी पहिल्या दिवशी तिच्यावर तांब्या ठेवला. ती मोडली, तेव्हा कळलं की जेवण तेच आहे. भात आठवड्यातून एकदा मिळेल असंही कळलं, आणि त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून आईची आठवण काढली. पण शेंगांची चटणी आणि त्या भाकरीचा कुरकुरीत तुकडा यांचं मेतकूट एकदा जमलं आणि महिन्याभरात मी आईला लिहिलं की मासे नसले तरी चालतील. अर्थात ते खोटं होतं.

दुसरा शोध माणसांचा. गोव्यात शेजारी तुमच्याकडे येतो, बाहेरच्या सोप्यावर बसतो, हवापाण्याचं बोलतो आणि तिसऱ्या दिवशी तुमचा पगार विचारतो. सोलापुरात माणूस थेट वर येऊन खाटेवर मांडी ठोकतो आणि पगार आधी विचारतो. मग जात, मग लग्न झालंय का, नसेल तर का नाही, आणि शेवटी हवा. सुरुवातीला मला याचा भयंकर राग यायचा. मी तुटक उत्तरं द्यायचो. त्यावर ते म्हणायचे, “मास्तर लाजाळू हायत,” आणि आणखी विचारायचे.

भाषांचा तर बाजारच होता. अण्णा घरात तेलुगू बोलत, माझ्याशी मराठी, वाण्याशी कानडी, आणि समोर राहणाऱ्या टांगेवाल्या चाचांशी दख्खनी. माझ्याजवळ कोकणी होती, मराठी होती आणि अभिमानानं शिकलेली पोर्तुगीज होती. ती पोर्तुगीज मी सोलापुरात फक्त एकदा वापरली, अंगावर आलेल्या कुत्र्यावर. त्याला ती कळली असावी, कारण तो निघून गेला.

मला एकच खोड होती, पांढऱ्याशुभ्र धोतराची. ड्रॉइंग मास्तरच्या अंगावर रंगाचे डाग ठरलेले, म्हणून मी मुद्दाम धोतर असं ठेवायचो की वर्गात शिरताच पोरांचे डोळे दिपावेत. हे सगळं सांगतो आहे ते यासाठी, की पुढचा प्रकार त्याच खोडीनं घडवला.

फाल्गुन सरत आला होता. अण्णांच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. सोळा-सतरा वर्षांची ही एकुलती मुलगी माझ्याशी कधी एक अक्षर बोलली नव्हती. जिन्यात मी समोरून आलो की भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. घरात पाहुण्यांसाठी वाकळा, चादरी, जुनी सतरंजी, जे जे धुता येईल ते धुतलं जात होतं आणि माडीवरची एकूण एक दोरी भरून गेली होती. नेमकं त्या दिवशी अकरा वाजता शाळेत डेप्युटीसाहेब तपासणीला येणार होते. एक धोतर परटाकडे, दुसरं मी पहाटे माझ्या एका बादलीत धुतलेलं आणि ते वाळवायला जगात जागा नाही.

ओलं धोतर खांद्यावर टाकून मी खाली आलो. दारासमोर कोवळं पण चांगलं तापलेलं ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात, दोन लाकडी घोड्यांमध्ये, लाल सुताचा, हिरव्या कडांचा एक सपाट, ताणलेला पट्टा होता. दहा-एक वार लांब. विणण्याआधी उभं सूत असं ताणून धरतात ते ताणे मी पाहिले नव्हते असं नाही. गल्लीत ते रोजच असायचे. पण ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेले असत आणि दोन्ही बाजूंनी माणसं कुंचे घेऊन खळ लावत चालत असत. हा आखूड होता, एकटा होता आणि जवळ कुणी नव्हतं. रंग सुंदर आहे, असं मी ड्रॉइंग मास्तर या नात्यानं मनात म्हटलंसुद्धा. आणि त्यावर धोतर दुहेरी करून आडवं पसरलं. कडा सरळ केल्या, चुण्या काढल्या, दोन्ही बाजू सारख्या लोंबतात ना ते मागे सरून पाहिलं, आणि दाढी करायला वर गेलो.

अर्ध्या गालावर साबण असताना खालून अण्णांचा आवाज आला. मोठा नव्हता. “मास्तर, जरा खाली या.”

मी खाली गेलो. अण्णा आंबील प्यायला आत गेले होते, ते हातात वाटी घेऊनच बाहेर आले होते. माझं धोतर गुलाबी होत चाललं होतं. घाबरून मी जे करायला नको तेच केलं. धोतर धरलं आणि ओढलं. खळ ओली होऊन सूत कापडाला चिकटलं होतं. तट, तट, तट असा आवाज झाला आणि लाल दोऱ्यांची टोकं हवेत उभी राहिली. जिथं धोतर होतं तिथं ताण्यावर आडवा, हातभर रुंदीचा फिकट पट्टा उमटला होता. अण्णांनी वाटी खाली ठेवली आणि ते तिथंच जमिनीवर बसले. दारात त्यांची मुलगी उभी होती. तिनं तो पट्टा पाहिला, पदर तोंडावर घेतला आणि ती आत पळाली.

मी तेव्हा माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, “मला अकराला शाळेत जायचं आहे.” इतका मूर्ख मी पुन्हा आयुष्यात कधी झालो नाही.

चाचांनी मला टांग्यात घातलं, बहुधा गल्लीतून लवकर बाहेर काढण्यासाठी. घोडा चालू लागल्यावर ते मागे वळून म्हणाले, “ये क्या करके रखे जी, मास्टर? वो बच्ची की शादी की साडी का ताना था.” आणि शाळेच्या वाटेनं त्यांनी मला सगळं समजावलं. या घरात मुलगी लग्नाला उभी राहते ती बापानं विणलेल्या लुगड्यात. त्या सुताला रंगवण्यापासून विणण्यापर्यंत घरच्या माणसाशिवाय कुणाचा हात लागू देत नाहीत. म्हणून ताणा आखूड होता, एकाच लुगड्यापुरता. पुन्हा सूत आणून, रंगवून, ताणा करायला आठ दिवस पुरणार नव्हते. आणि मुलगी चालली होती निजामाच्या मुलखात, विणकरांच्याच घरी, जिथं सासू-सासरे माणसाआधी कापड बघतात.

“बाजार की साडी पहना के भेजे तो लोगां क्या बोलेंगे?” चाचा म्हणाले.

डेप्युटीसाहेबांपुढे मी गुलाबी पट्ट्यांच्या ओल्या धोतरात उभा राहिलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि गोव्याकडे असं नेसतात का, असं विचारलं. मी ‘हो’ म्हणालो. तपासणीच्या शेऱ्यात त्यांनी ‘ड्रॉइंग शिक्षकास रंगांची विशेष आवड दिसते’ असं लिहिलं. एरवी त्या शेऱ्यानं मी महिनाभर फुगलो असतो.

संध्याकाळी घरी आलो तो ट्रंक भरायची या तयारीनं. ओसरीवर अण्णा आणि अक्का बसले होते. ताणा आत मागाजवळ नेऊन ठेवला होता. माजघरातून हुंदके ऐकू येत होते. मी हात जोडले आणि दुसरी खोली शोधतो असं म्हणालो.

अक्का म्हणाल्या, “खोली शोधून पोरीचं लुगडं हुईल व्हय? ह्या सुताला परक्याचा हात लागत न्हाई. तुमचा लागला. आता दोनच वाटा हायत. एक तर ताणा टाकायचा. न्हाईतर तुमी परकं ऱ्हायचं न्हाई.”

“म्हंजे?” अण्णांनी विचारलं. मीही तेच विचारणार होतो.

“मला भाऊ न्हाई,” अक्का म्हणाल्या. “आजपासनं हा माजा तम्मुडू.”

तम्मुडू म्हणजे धाकटा भाऊ, एवढं तेलुगू मला येत होतं. अण्णांनी एकदा माजघराकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ते मला म्हणाले, “मेव्हणं, शर्ट काढा आन् हात धुवा.” कुणी मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी कबूलच झालो असतो. पण भाऊ होण्यात काय काय येतं याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

पहिल्यांदा आलं ते सांधकाम. तुटलेल्या एका एका दोऱ्याची दोन टोकं शोधायची, चिमटीत धरायची, पीळ द्यायचा आणि गाठ अशी मारायची की ती मागाच्या फणीतून सटकन जावी. असे शेकडो दोरे. शाळा सुटली की तीन दिवस विणकर पाय सोडून बसतो त्या मागाच्या खड्ड्याशेजारी मी मांडी घालून बसलो. अण्णांच्या पन्नास गाठी व्हायच्या तेव्हा माझ्या पाच. त्यातल्या दोन ते उसवून परत माझ्या हातात द्यायचे. “मास्तर, शाळंत तुमी शिकवता का शिकता?” असं त्यांनी एकदा अगदी मनापासून विचारलं. बोटांची साल निघाली. माझा तोंडाळ स्वभाव एवढा, पण त्या तीन दिवसांत मी उलट शब्द बोललो नाही, कारण मधल्या दाराशी ती मुलगी तांदूळ निवडत बसलेली असायची आणि तिचे डोळे सुजलेले असायचे. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिनं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दोरे सांधून झाले, पण फिकट पट्टा तसाच होता. वरून रंग लावला तर डाग आणखी पसरेल, असं अण्णा म्हणाले. तो लुगड्यात राहणारच होता. प्रश्न एवढाच, की अंगावर तो कुठं येईल. पट्टा मधोमध नव्हता, एका टोकाकडे जरा जवळ होता. अण्णांनी पदर या टोकाला काढला तर एका जागी आणि त्या टोकाला काढला तर दुसऱ्या. एकदा विणायला घेतलं की बदलता येणार नव्हतं.

“मास्तर, तुमी चित्रं काढता,” अण्णा म्हणाले. “पदर कोणच्या टोकाला काढू, सांगा.”

मला हायसं वाटलं. अखेर माझ्या विद्येचं काम निघालं होतं. मी कागद घेतला, फूटपट्टी घेतली, लुगडं नेसलेली बाई पुढून, मागून आणि बाजूनं काढली, वारांचे आकडे मांडले आणि सिद्ध करून दाखवलं की पदर उजव्या टोकाला काढला तर पट्टा निऱ्यांच्या आत जाऊन दिसेनासा होईल. अण्णा खूश झाले. चित्र त्यांनी मागासमोर भिंतीला लावलं आणि धोटा हाणायला सुरुवात केली. अक्का नेमक्या तेव्हा दोन दिवस अक्कलकोटला अक्षता द्यायला गेल्या होत्या. मुलगी घरातच होती, पण तिला विचारावं असं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी लुगडं मागावरून उतरलं. रंग खरोखर देखणा होता, काठ हिरवा. अक्कांनी मुलीला आत नेऊन ते नेसवलं आणि बाहेर आणून उभं केलं. पुढून पट्टा कुठंच दिसत नव्हता. मी अण्णांकडे पाहून मान डोलावली. मग अक्कांनी मुलीला वळवलं. तो फिकट पट्टा पाठीवर, एका खांद्यापासून कमरेपर्यंत, तिरपा, लख्ख पडला होता.

मी भिंतीवरचं चित्र बघितलं. त्यातली बाई माझी आई होती. मी लुगडं आमच्या गोव्याच्या पद्धतीनं नेसवलं होतं. या लोकांची नेसायची तऱ्हा निराळी. पट्टा नेमका निऱ्यांतून निघून पाठीवर येऊन बसला होता.

“जलमभर लुगडी विनली,” अक्का नवऱ्याला म्हणाल्या, “आन् नेसतात कशी, ते ह्या बाप्याला विचारलं?”

अण्णांनी ते चित्र भिंतीवरून उतरवलं. मुलगी या वेळी रडली नाही. तिनं मान वळवून पाठ पाहायचा प्रयत्न केला, दिसली नाही, मग माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं. ती नजर अजून आठवली की मला खाली बघावंसं वाटतं.

लग्नाच्या दिवशी भाऊ होण्यातला पुढचा भाग कळला. या घरात नवरी मांडवात चालत जात नाही. तिचे मामा तिला वेताच्या मोठ्या बुट्टीत बसवून उचलून नेतात. अक्कांना भाऊ नव्हता तोवर हे काम त्यांचा एक चुलतभाऊ करणार होता. आता सख्खा भाऊ हजर होता. मला सकाळीच फेटा बांधला. तो घोळदार फेटा डोळ्यांवर येत होता. चुलतभाऊ ठेंगणा आणि पैलवान, मी उंच आणि काडीपैलवान. आम्ही बुट्टी उचलली तेव्हा ती त्याच्या बाजूला कलली. मी जोर लावला तर ती माझ्या बाजूला आली. नवरीनं धरायला काहीतरी शोधलं आणि तिच्या हाताला माझा कान लागला. मांडवापर्यंतचं सगळं अंतर तिनं तो सोडला नाही. भीतीनं धरला होता की रागानं, हे मी तिला कधी विचारलं नाही. कान दोन दिवस लाल होता.

बुट्टी खाली ठेवली, नवरी उठून उभी राहिली आणि मांडवातल्या सगळ्यांना तिची पाठ दिसली.

बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. नवऱ्या मुलाचा बाप पुढे आला. हा म्हातारा विणकर, डोळ्याला जाड भिंगं, अंगठा मागावर काम करून चपटा झालेला. त्यानं सुनेच्या पाठीवरचा पदर दोन बोटांत धरला.

अण्णांनी याची तयारी करून ठेवली होती. ते घाईघाईनं म्हणाले, “ही गोव्याकडची पद्धत हाय. परदेशी काम.”

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पदर उलटा केला, पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “हितं खळ वल्ली झाली. रंग गेला. सूत तुटलं. परत सांधलंय.” विणकराला कापडाबाबत फसवता येत नाही, हे अण्णांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांचा चेहरा पार उतरला. म्हाताऱ्याचा अंगठा पुढे सरकला आणि थांबला. “ह्या गाठी तुमच्या न्हवं. कुणाच्या ह्या?”

अण्णांना अजून खोटं बोलता आलं असतं. मी मनातल्या मनात त्यांना तसं सुचवतही होतो. एखाद्या मजुराचं नाव घ्या, पळून गेला म्हणा. पण ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, “माज्या मेव्हण्याच्या.”

सगळे माझ्याकडे वळले. मी फेटा वर सारून पुढे झालो. म्हाताऱ्यानं माझा हात घेतला, बोटांची टोकं उलटीपालटी करून बघितली. साल निघालेली बोटं, नखांत अडकलेला लाल रंग. मग पुन्हा पदर हातात घेऊन त्यानं दोन ठिकाणी चांगला ताण देऊन पाहिला.

“नवखा हाय,” तो म्हणाला. “गाठी जाड्या हायत. पर एक बी सुटली न्हाई.” आणि बायकोकडे वळून म्हणाला, “पोरीच्या मामानं हातानं सांधून दिलंय. चला, मुहूर्त चाललाय.”

त्यानंतर काय मंत्र म्हटले आणि कोणी काय वाढलं, मला काही आठवत नाही. मटणाचा तिखटजाळ रस्सा होता, आणि मी रडत होतो ते त्यानंच, असं मी सगळ्यांना सांगत होतो. आणि ते निम्मं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणी झाली. चाचांनी टांग्याला झुली बांधल्या होत्या आणि घोड्याच्या कपाळाला गोंडा. मुलगी एकेका थोरल्याच्या पाया पडत आली. आई झाली, बाप झाला, शेजारपाजार झाला. मी मुद्दाम मागे, खांबाआड उभा होतो. पंचविशीच्या पोराच्या पाया कोण पडतं? ती तिथं आली, वाकली आणि काही न बोलता टांग्यात जाऊन बसली. म्हणजे राग गेलेला नाही, असं मी समजलो. तो जावा असा मला काही हक्कही नव्हता.

टांगा सुटला. चार पावलं गेला असेल, तोच आतून तिनं चाचांना थांबायला सांगितलं आणि ती वाकून मागे बघू लागली.

“मामा!” तिनं हाक मारली. मी इकडं तिकडं पाहिलं. अण्णांनी मला पाठीत ढकललं.

मी पुढे गेलो. तिचा चेहरा रडून रडून सुजला होता, पण आवाज खणखणीत होता. तो मी पहिल्यांदाच ऐकत होतो. “नागपंचमीला मला न्यायला या. अण्णा मागावरनं उठनार न्हाईत, मला ठावं हाय. आन् मला भाऊ न्हाई. तुमी आला न्हाई, तर माजं मूळ आलं न्हाई म्हणून तितल्या बायका हसतील.” जरा थांबून तिनं वर आणखी सांगितलं, “यायच्या आदी धोतर वाळवा. दोरीवर.”

“येतो,” मी म्हणालो. टांगा कोपऱ्यावर वळला. अण्णा आणि मी गल्लीत उभे राहून, एकमेकांकडे न बघता, बराच वेळ नाकं पुसत होतो.